तू मागितलेली ओळ

राजाजीनगर, बेंगळुरू
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. चंदना,

उत्तराला फार उशीर केला, त्याबद्दल आधी रागावून घे आणि मग पुढे वाच. तीन रविवार तू फोनवर एकच गोष्ट मागते आहेस आणि तीन रविवार मी "वही सापडत नाही गं" म्हणतो आहे. वही कुठे हरवलेली नाही. या क्षणी ती माझ्या मांडीवर आहे, तिच्यावरच कागद ठेवून लिहितो आहे.

अज्जाचे आशीर्वाद. अज्जीचेही आहेत. तिला बोलता येत नाही, पण तुझं नाव घेतलं की उजवा हात चादरीवरून चार बोटं वर उचलते. तेवढे पोचले असं समज.

तुझी तब्येत कशी आहे? सप्टेंबरात प्रबंधासाठी गेलीस त्या आरोग्य केंद्रात रात्री पाण्याची सोय झाली का? रेंजसाठी चढावर जातेस तेव्हा काठी घेऊन जात जा. साप नसतील, पण कुत्री असतीलच. शाल नेली नाहीस, ती इथेच दाराच्या खिळ्याला आहे. रोज दिसते आणि रोज वाटतं, पोस्टाने पाठवावी. पण पोस्टात जाणार कोण? दीड महिना झाला, मी उंबरठ्याबाहेर गेलेलो नाही. रत्नाबाई सकाळी तासभर येते, भांडी-फरशी करते आणि जाताना रोज टोमणा मारते, "अज्जा, स्वल्प ऊन तरी बघा. तुम्ही तर या खोलीतलं दुसरं कपाट झालात." आज संध्याकाळी ती पुन्हा डोकावणार आहे, तेव्हा हे पत्र तिच्याच हाती देईन. स्पीड पोस्टने गुरुवारी तुला मिळेल म्हणतात. ती टाकेल का, पावती आणेल का, पत्त्यावरची शाई पुसली तर काय, याची मला आत्तापासून काळजी लागली आहे.

तू म्हणशील, अज्जा, दीड महिना घरात कशाला बसलात, अज्जीला बघायला दिवसभर गौरी असते ना. तिकडे येतो.

माझी खुर्ची अज्जीच्या पलंगाच्या आणि गोदरेजच्या कपाटाच्या मधे आहे, तुला माहीत आहे. पाय पसरले तर पलंगाला लागतात, मागे रेललो तर कपाटाची मूठ पाठीत घुसते. तुझा जुना लॅपटॉप उशाच्या स्टुलावर. खिडकीतून समोरच्यांची स्कूटर आणि तुळशीची अर्धी कुंडी दिसते. सकाळी पालेभाजीचा सोप्पूवाला ओरडत जातो, तेव्हा नऊ वाजले हे कळतं.

पत्र लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की फोनवर मला काही सांगता येत नाही. येत्या संक्रांतीला अज्जीच्या झटक्याला दोन वर्षं होतील. डावी बाजू गेली, वाचा गेली, पण कान होते त्याहून तिखट झाले. स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजलो तरी तिला कळतं. या घरात तिला ऐकू न जाता बोलायचं असेल, तर कागदावरच बोलावं लागतं.

बावीस सप्टेंबरच्या सुमाराला तू म्हणालीस, "अज्जा, इथे नेट इतकं रडतं की डेटाबेस उघडतच नाही. माझा एक शोध तुम्ही लावून यादी पाठवाल?" मला किती आनंद झाला होता, सांगू? सातवी नापास माणूस मी. एकतीस वर्षं मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत अटेंडर होतो. पुस्तकं लावायची, कार्डांच्या कपाटाची धूळ पुसायची. आणि नातीच्या एम.एस्सी.च्या प्रबंधाला माझा हातभार! तू इथे असताना संध्याकाळी शिकवायचीस ते मला लवकर समजायचं ते त्या कार्डांमुळेच. 'बेडसोअर'च्या कार्डावर लाल शाईत 'डेक्युबिटस पाहा' असं असायचं. तू म्हणालीस, "तेच अज्जा! एकाच दुखण्याला डॉक्टर वेगवेगळ्या काळात वेगवेगळी नावं देतात. सगळी नावं 'ऑर'ने जोडायची, म्हणजे जाळं मोठं होतं. दुसरी गोष्ट 'अँड'ने जोडायची, म्हणजे जाळं लहान होतं." आणि तिसरा शब्द सांगताना तू बोट वर केलंस. "'नॉट' म्हणजे विळी. भाजीबरोबर बोटही जातं. मला विचारल्याशिवाय वापरायचा नाही."

प्रत्येक शोध वहीत लिहायचा, हाही तुझाच नियम. तारीख, किती नोंदी आल्या, आणि टाइप केलेली ओळ जशीच्या तशी. "नंतर सुधारून लिहायची नाही हं," असं तू म्हणालीस. "उद्या दुसऱ्या कोणी तीच ओळ टाकली, तर तिला तेच मिळालं पाहिजे."

मी तुला मालीशवरची यादी पाठवली. एक्केचाळीस नोंदी. आणि ऑक्टोबरच्या शेवटी तू विचारलंस, "अज्जा, एवढ्याच कशा? माझ्या मॅडम म्हणतात, याहून जास्त हव्यात. जे निबंध मी बी.एस्सी.त वाचले होते तेही यात नाहीत. तुम्ही टाकलेली ओळ मला जशीच्या तशी द्या."

ती ओळ द्यायची म्हणजे...

थांब. गजर झाला. आलो.

---

आलो. अज्जीला डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळवलं. दर दोन तासांनी वळवतो. खाली दुहेरी चादर घातली आहे, ती एका बाजूने ओढायची, मग पाठीशी उशी, गुडघ्यांमधे उशी. तू आणि मी मिळून करत होतो तेव्हा किती सोपं वाटायचं, तू "एक, दोन, होइस्सा" म्हणायचीस आणि अज्जी हसायची. एकट्याने अर्धा तास जातो. माझा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, सदरा घालताना रडू येतं. असो. खांद्याची गोष्ट नाही ही.

एकट्याने म्हणालो ना. आता ते सांगतो.

गौरी येत नाही. ऑक्टोबरच्या चार तारखेला मी तिला काढलं. तुझ्या बाबाला माहीत नाही. सुमंतला अजून वाटतं, ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असते. तो एचएसआर लेआउटहून फोन करतो, "गौरी आहे का अण्णा?" आणि मी म्हणतो, "आत्ताच अम्माला पेज देते आहे." खोटं बोलताना मी खिडकीकडे तोंड करतो, कारण अज्जी माझ्याकडे बघत असते.

का काढलं ते विचार. अगोदर तेल आठव. राजाजीनगरात आपल्या लोकांची बाळंतिणीची आणि बाळाची न्हाणी म्हटली की अंबुबाई, तुझी अज्जी. तुझ्या बाबालाही तिनेच चोळून उभं केलं, तुलाही. तिच्या हातात काय होतं देव जाणे, रडतं पोर तेल लागताच झोपायचं. तू गेल्यावर आठ-दहा दिवसांत तिच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. मेथीच्या दाण्याएवढा. मला दुसरं काय सुचणार? तिची पितळी वाटी घेतली, खोबरेल कोमट केलं आणि तिथे चोळायला लागलो. रोज सकाळ-संध्याकाळ. मनात म्हणायचो, जन्मभर हिने दुसऱ्यांना चोळलं, आता हिची पाळी.

गौरीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "तिक्कबेडी अज्जा. चोळू नका. तेल डोशाला ठेवा, अम्माला नको."

मी म्हटलं, "तू कुठे शिकलीस?"

"कुठे नाही. आधीच्या घरी एका अज्जांना असंच झालं होतं. वळवत राहायचं, तिथे हात लावायचा नाही."

मला राग आला. अशी कालची पोर! मी म्हटलं, "मी कॉलेजच्या लायब्ररीत एकतीस वर्षं होतो. माझी नात नर्सिंगचा प्रबंध लिहिते आहे. मी तुला कागद दाखवतो." त्याच दिवशी तुझा फोन आला, की मालीशवरचा शोध लावा. मला वाटलं, देवानेच पाठवला.

ओळ टाकली. नोंदी आल्या, पण त्यांत मधेमधे 'डॅमेज' हा शब्द दिसायला लागला. कुठे 'हार्म'. तेवढं इंग्रजी मला येतं. चंदना, ते शब्द मला गौरीला दाखवायचे नव्हते. आणि मी काय केलं असेल? मी विळी घेतली. तुला न विचारता 'नॉट' टाइप केलं. जे निबंध 'डॅमेज' म्हणतात ते नकोत, जे 'हार्म' म्हणतात ते नकोत. मग पडद्यावर कशी शांतता झाली! उरलेल्या एक्केचाळीस नोंदींत कोणी काही वाईट म्हणत नव्हतं. बरेचसे जुने होते, तुझ्या जन्माआधीचे. ते साल मी बघितलंच नाही.

ती यादी मी गौरीपुढे धरली. ती ओल्या हाताने पदर खोचत म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही अज्जा. पण तुम्ही चोळलं की अम्माची पाठ जास्त लाल होते, ते दिसतं."

दुसऱ्या दिवशी तिने सुमंतला फोन केला. "अज्जांना झेपत नाही, ऐकतही नाहीत." रविवारी सुमंत आला, सोफ्यावर बसला नाही, उभ्याउभ्याच बोलला. "अण्णा, जे. पी. नगरला एक चांगलं केंद्र आहे, पलंगावरच्या पेशंटसाठी. नर्सेस चोवीस तास. अम्माला तिथे ठेवू. तुम्ही आमच्याकडे या, खोली रिकामीच आहे."

मी विचारलं, "मलाही तिथेच ठेव ना."

"तिथे फक्त पेशंट घेतात, अण्णा. तुम्ही रविवारी भेटायला येत जा, मी नेईन."

रविवारी. एकावन्न वर्षं झाली लग्नाला. सुमंत वाईट नाही, तो खरंच दमलेला दिसत होता, त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे. पण त्याच्या बाराव्या मजल्यावरच्या खोलीत मी काय करू आणि ती तिथे कोणाकडे बघेल? सगळं बोलणं ती ऐकत होती. तो गेल्यावर मी तिच्या उशाशी बसून सांगितलं, "कुठे पाठवत नाही तुला." आणि सुमंतला फोन करून म्हटलं, मला थोडा वेळ दे, मी सांभाळून दाखवतो. मग गौरीला काढलं. घरात डोळे राहिले तर बातमी बाहेर जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

---

पुन्हा वळवून आलो. ऊन कपाटापर्यंत आलं, म्हणजे दुपार झाली. पेज भरवली. अर्धी वाटी गेली. ती का अर्धीच गेली, तेही लिहिणार आहे. क्रम सोडला तर मी निसटेन, म्हणून क्रमाने.

तू ओळ मागितलीस त्या रविवारी मी तुझ्या भीतीने ती पुन्हा टाकून पाहिली, या वेळी 'नॉट' काढून. एकोणीस नोंदी जास्त आल्या. मी बाहेर घालवलेल्या त्या एकोणीस. शब्दकोश घेऊन बसलो, दोन दिवस लागले. त्यांतल्या पहिल्या पाचांतच सगळं होतं. लाल झालेल्या हाडावर चोळू नये, खालची नाजूक कातडी आतून फाटते. जागा मोकळी ठेवावी. वळवत राहावं. गौरी जे बोलली तेच, फक्त इंग्रजीत.

त्या दिवसापासून हात लावला नाही. त्या दिवसापासून गजर लावतो. पण तोपर्यंत कातडी उघडली होती.

आता तुला कळलं असेल, रविवारी व्हिडिओवर मी फोन अज्जीच्या तोंडासमोरच का धरत होतो. तू म्हणायचीस, "अज्जा, जरा मागे घ्या, अज्जी पूर्ण दिसू दे." आणि मी म्हणायचो, हात थरथरतो.

जखम लिंबाच्या फोडीएवढी आहे. शनिवारपासून वास येऊ लागला. काल सोमवारी मी घाबरून रत्नाबाईकडून गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. घाबरू नकोस, त्यांनी जखम स्वच्छ केली, औषध दिलं, हवेची गादी आणायला सांगितली. ती संध्याकाळी आली, आता घुंईं करते आहे. त्या म्हणाल्या, ताप नाही, वेळेत बोलावलंत. पण वळवायला दोन माणसं हवीत, एकट्याचं काम नाही. दहा दिवसांत भरून येण्याकडे कल दिसला नाही तर हॉस्पिटल. शुक्रवारी पुन्हा येणार आहेत. फाइलवर त्यांनी सुमंतचा नंबर लिहून घेतला.

इथपर्यंत लिहिता आलं. आता जे सगळ्यांत अवघड आहे ते लिहायचं, आणि ते तीन रविवारांपूर्वीचं नाही, कालचंच आहे.

डॉक्टरीणबाईंनी जखमेच्या कडा बघितल्या आणि विचारलं, "यारु तिक्किद्दु? कोण चोळत होतं इथे?"

मी म्हणालो, "कामाला बाई होती. गौरी म्हणून. तिने. म्हणून तर काढली."

चंदना, मी विचारही केला नाही. तोंडातून आपोआप आलं. डॉक्टरीणबाई चकचक करत म्हणाल्या, "या बायकांना काही शिकवलेलं नसतं." आणि मी मान हलवली.

अज्जी आमच्याकडे पाठ करून कुशीवर होती. तिला सगळं ऐकू गेलं. त्या गेल्यावर मी समोर जाऊन पेजेचा चमचा धरला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात उचलला, मला वाटलं माझ्या हातावर ठेवते आहे. तिने चमचा बाजूला सारला आणि डोळे मिटले. पाठीला लागलेलं तिला सगळं कळतं गं. कोणाचा हात तिच्या पाठीवर होता, सकाळी आणि संध्याकाळी, कोमट तेल घेऊन, हे तिच्याहून जास्त कोणाला माहीत? दुखत असेल तेव्हाही तिने तो हात कधी झटकला नाही. काल झटकला. आज अर्धी वाटी घेतली, तीही डोळे मिटून.

आज सकाळी रत्नाबाईबरोबर गौरीला निरोप पाठवला, परत ये. तासाभरात उलटा निरोप आला. काल डॉक्टरीणबाईंबरोबर आलेल्या आयाने तिला सगळं सांगितलं होतं. "अज्जांनी आधी डॉक्टरांना खरं सांगावं. मग मी येते. अम्मासाठी येते." तिने जास्त काही मागितलं नाही.

आता माझी अडचण बघ. शुक्रवारी खरं सांगितलं, तर डॉक्टरीणबाई सुमंतला फोन करणार, आणि अज्जी जे. पी. नगरला जाणार. नाही सांगितलं, तर गौरी येणार नाही, माझा खांदा दहा दिवस टिकणार नाही, आणि अज्जी हॉस्पिटलात जाणार. इकडे भिंत, तिकडे कपाट. दिवसभर मी याच खुर्चीत बसून दोन्ही बाजूंनी मोजतो आहे. 'तू ये' असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं, तिथे कागद फाटला आहे, तो तुला दिसेल. तुझी तिथली माणसं अर्ध्यावर सोडून तू यावंस असं मला म्हणायचं नाही.

म्हणून निदान जे माझ्या हाती आहे ते देतो. वहीत मी ही ओळ लिहून नंतर शेवटचे चार शब्द खोडले होते, तुला दाखवायला चांगली दिसावी म्हणून. तू सांगितलं होतंस, सुधारायची नाही. ही घे, २२ सप्टेंबर, नोंदी एक्केचाळीस, जशीच्या तशी:

बेडसोअर ऑर डेक्युबिटस ऑर प्रेशर अल्सर ऑर प्रेशर इंज्युरी, अँड मसाज, नॉट डॅमेज नॉट हार्म.

तुझ्या मॅडमना दाखव. अज्जाने केलं असंच सांग, टायपिंगची चूक म्हणू नकोस. त्या एकोणीस नोंदींची यादी मागच्या कागदावर आहे, अक्षर वाकडं आहे पण साल आणि नावं तपासली आहेत. तुझा प्रबंध तरी पुरा होऊ दे.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंना मी हीच ओळ दाखवणार आहे. तोंडाने सांगायला गेलो तर पुन्हा भलतंच बाहेर येईल, कागद खोटं बोलणार नाही. गौरीला निरोप आजच जातो आहे, की शुक्रवारी डॉक्टर येतील तेव्हा समोर उभी राहा आणि ऐक. सुमंतचं मात्र मला धाडस होत नाही. त्याला तू सांगशील का? तुझं तो ऐकतो. त्याला म्हण, गौरी आली आणि दोघं मिळून वळवू लागलो, तर दहा दिवस बघ, मग ठरव. आणि एवढं करूनही अम्माला न्यायचंच ठरलं, तर त्या केंद्रात खाली फरशीवर झोपणाऱ्या म्हाताऱ्याला मुभा असते का, ते एकदा विचार.

गुरुवारी पत्र मिळालं की चढावर जाऊन फोन कर. आजवर तुझा फोन आला की मी तो कानाला घट्ट लावून बोलायचो. या वेळी स्पीकरवर ठेवीन आणि अज्जीच्या उशाशी ठेवीन. तुला जे रागवायचं आहे ते तिच्यासमोर मोठ्याने रागव. कोणी चोळलं, कोणाचं नाव घेतलं, सगळं. मी जवळच बसेन, खिडकीकडे तोंड करणार नाही. मला हे तिला स्वतः सांगता आलं नाही.

गजर होतो आहे. वळवायची वेळ झाली.

लवकर कळव, चंदना. वाट बघतो आहे, आणि ती ऐकते आहे.

ज्याला तू शिकवलंस आणि ज्याने तुझं ऐकलं नाही,
तुझा अज्जा
भगवंत